एका विजयाची किंमत

जुलै संपत आला की अमेरिकेतील बेसबॉलवेड्या शहरांत दरवर्षी एकच वाद रंगतो. हंगामातील १६२ सामन्यांपैकी शंभरएक सामने उरकलेले असतात, आपला संघ धड वरही नाही आणि पुरता बुडालेलाही नाही अशा अवस्थेत असतो, आणि वर्तमानपत्रांपासून बारच्या बाकांपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो: हा संघ प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, गाठेल का? माझे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. त्यात संघाची शक्यता ही पावसाच्या अंदाजासारखी मानली जाते. पावसाचा अंदाज कितीही वर्तवला तरी ढगांना तो ऐकू जात नाही. बेसबॉलमधला अंदाज मात्र संघाचे मालक आणि व्यवस्थापक ऐकतात, त्यावरून खेळाडू विकतात किंवा विकत घेतात, आणि अंदाज वर्तवला गेला त्या क्षणापासूनच तो बदलू लागतो.

मराठी वाचकाला याची सवय आयपीएलमुळे थोडीफार आहे. २०२४ साली बंगळुरूच्या संघाने पहिल्या आठ सामन्यांपैकी सात गमावले, पुढचे सहा सलग जिंकले आणि नेट रन रेटच्या जोरावर बाद फेरी गाठली. तोवर ‘गणिती शक्यता’ हा शब्द घरोघरी कंटाळा येईपर्यंत वापरून झाला होता. पण आयपीएलच्या साखळीत चौदा सामने असतात आणि मधल्या काळात संघाची बांधणी फारशी बदलता येत नाही. जे आहेत त्यांच्याकडून काम भागवावे लागते. बेसबॉलमध्ये जुलैअखेरची एक ठरावीक मुदत असते. तोपर्यंत संघ आपापसांत खेळाडूंची देवाणघेवाण करू शकतात. मुदतीआधी शर्यतीत असलेला संघ अनुभवी खेळाडू घेतो आणि त्याची किंमत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, वाढत असलेल्या तरुण खेळाडूंच्या रूपाने चुकवतो. शर्यतीतून बाद झालेला संघ नेमके उलटे करतो. म्हणजे आजची शक्यता उद्याच्या शक्यतेच्या बदल्यात घेता किंवा देता येते. अशा बाजारात ‘गाठेल का’ यापेक्षा ‘कितीला पडेल’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे.

हे सारे सिअ‍ॅटल मरिनर्स या संघाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही संघाच्या अलीकडच्या इतिहासात दिसत नाही. २००१ साली या संघाने ११६ सामने जिंकून एका हंगामातील विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि त्यानंतर सलग दोन दशके त्याला प्लेऑफचे तोंडही पाहायला मिळाले नाही. आजवर एकदाही वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, न खेळलेला मेजर लीग या सर्वोच्च लीगमधला हा एकमेव संघ आहे. शहराजवळच्या रेडमंड आणि बेलव्ह्यू या भागांत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुले याच संघाच्या टोप्या घालून वाढली. त्यांच्या आईवडिलांना क्रिकेटमुळे जे वैफल्य परिचित होते, तेच मुलांना या संघाने वेगळ्या गणवेशात शिकवले.

२०२१ सालच्या जुलैपासून सुरुवात करतो, कारण शक्यतेच्या आकड्यांवर विसंबणे म्हणजे काय हे त्या वर्षी अगदी जवळून दिसले. सिअ‍ॅटल त्या हंगामात जिंकत होता, पण ज्या पद्धतीने जिंकत होता ती आकडेमोड करणाऱ्यांना पटत नव्हती. संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गसंख्यांची तुलना करून त्याने किती सामने जिंकायला हवे होते हे काढण्याचे बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचे एक जुने सूत्र आहे. सिअ‍ॅटलने त्या वर्षी ६९७ धावा केल्या आणि ७४८ दिल्या. सूत्राप्रमाणे त्यांना पंचाहत्तर-शहात्तर विजय मिळायला हवे होते. प्रत्यक्षात मिळाले ९०. एका-एका धावेच्या फरकाने जिंकलेले सामने आणि शेवटच्या डावांत आघाडी राखणारे पिचर, म्हणजे गोलंदाज, यांच्या बळावर ही मजल गेली होती. २६ जुलैच्या रात्री ह्यूस्टनविरुद्ध सात-शून्य असे पिछाडीवर असताना संघाने सामना फिरवला; डिलन मूरने तिन्ही तळांवर धावपटू असताना मारलेल्या, एका फटक्यात चार धावा देणाऱ्या होमरनमुळे घरचे मैदान अक्षरशः हादरले. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाने शेवटच्या डावांतला भरवशाचा पिचर केंडल ग्रेव्हमन याला ह्यूस्टनलाच देऊन टाकले. मालिका चालू होती, त्यामुळे ग्रेव्हमनला ना विमान पकडावे लागले ना सामान पाठवावे लागले. आदल्या रात्री ज्यांच्यासोबत जल्लोष केला त्यांचा निरोप घेऊन तो त्याच इमारतीतल्या पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला. सिअ‍ॅटलच्या खेळाडूंनी त्या दिवशी दाखवलेला संताप पुढे बराच काळ चर्चेत राहिला. हंगामाच्या शेवटी संघ शेवटच्या प्लेऑफ जागेपासून दोन सामने मागे राहिला.

ग्रेव्हमन असता तर ते दोन सामने मिळाले असते का? हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, आणि जो ते छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. धावांचा हिशेब पाहिला तर तो संघ मुळात एवढा चांगला नव्हताच, असेही म्हणता येईल, आणि व्यवस्थापनाचा युक्तिवाद साधारण तसाच होता. माझा आक्षेप वेगळा आहे. संघ आपल्या लायकीपेक्षा दैवाने पुढे आला आहे हे मान्य केले, तरी त्याने मिळवलेले विजय खात्यातून काढून घेतले जात नाहीत. ते जमा झालेले असतात. पुढच्या दोन महिन्यांत संघ सामान्य खेळला तरी त्या जमेच्या जोरावर तो सीमेवर राहणारच, आणि सीमेवर असलेल्या संघासाठी एका विजयाचे मोल सर्वांत जास्त असते.

हा मुद्दा जरा खोलात जाऊन मांडतो, कारण या वादातली बरीच धूळ इथेच उडते. समसमान ताकदीच्या संघांमधला प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला, तर १६२ सामन्यांत निव्वळ दैवाने साधारण सहा विजयांचा फरक इकडे किंवा तिकडे पडणे अगदी सामान्य आहे. मुदतीनंतर उरलेल्या पंचावन्नएक सामन्यांत हा फरक चारच्या आसपास येतो. म्हणजे जुलैअखेर दोन किंवा तीन सामने मागे असलेला संघ केवळ नशिबाच्या झुळकीने पुढे जाऊ शकतो, आणि तितकाच पुढे असलेला संघ मागे पडू शकतो. यावरून बरेच लोक असा निष्कर्ष काढतात की सगळे दैवावर असेल तर एखादा खेळाडू घेऊन काय मोठे साधणार? निष्कर्ष नेमका उलटा निघायला हवा. ज्या संघाची शक्यता दोन टक्के आहे त्याला एक जादा विजय मिळाला तरी फारसे काही बदलत नाही, आणि ज्याची शक्यता ९८ टक्के आहे त्याचेही तसेच. पन्नास टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या संघाला मात्र एका जादा विजयाने सात-आठ, कधी दहा टक्क्यांपर्यंत शक्यता वाढवून मिळते. दोन महिन्यांसाठी घेतलेला चांगला फलंदाज किंवा पिचर साधारण अर्धा-एक विजय देतो. विजयांनी श्रीमंत असलेल्या संघाला तो जेवणानंतरच्या विड्याइतकाच लागतो, सीमेवरच्या संघाला मात्र तो जीवनावश्यक असतो.

वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर छापून येणारी टक्केवारी कशी काढली जाते हेही इथेच सांगायला हवे. प्रत्येक खेळाडूच्या पूर्वकामगिरीवरून त्याच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज बांधतात, उरलेल्या सामन्यांचे वेळापत्रक घालतात आणि संगणकावर उरलेला हंगाम हजारो वेळा खेळवून पाहतात. त्यातल्या किती वेळा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला हे मोजले की टक्केवारी मिळते. पद्धत चांगली आहे आणि तिची टर उडवण्याचे कारण नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईटची शक्यता एक टक्क्याहूनही खाली दाखवली जात होती आणि तो संघ ८६ विजय मिळवून आत शिरला, याचा अर्थ गणित चुकले असा होत नाही. शेकड्यातून एकदा घडणारी गोष्ट शेकड्यातून एकदा घडायलाच हवी. मात्र हे आकडे त्या दिवशी असलेल्या संघाचे असतात. उद्या व्यवस्थापन काय करणार आहे, हे त्यांत धरलेले नसते. तेव्हा ‘आमची शक्यता फक्त तीस टक्के आहे, म्हणून आम्ही काही घेतले नाही’ असे जेव्हा एखादा संघ सांगतो, तेव्हा तो स्वतःच्या निष्क्रियतेचे कारण म्हणून तिचाच परिणाम पुढे करत असतो.

२०२३ साल सिअ‍ॅटलसाठी याचा धडाच ठरले. मुदतीच्या सुमारास संघाचे विजय पराभवांपेक्षा जेमतेम तीन-चारने जास्त होते. ३१ जुलैला व्यवस्थापनाने शेवटच्या डावांतला पिचर पॉल सीवॉल्ड अ‍ॅरिझोनाला दिला आणि बदल्यात तीन खेळाडू घेतले. बाहेरून कोणी मोठा फलंदाज आणला नाही. मग ऑगस्ट उजाडला आणि उरलेल्या त्याच संघाने महिन्यात २१ सामने जिंकले, सहा हरले. सप्टेंबरमध्ये दम संपला. हंगाम संपला तेव्हा सिअ‍ॅटलचे ८८ विजय होते आणि टोरंटोचे ८९; शेवटची जागा टोरंटोला मिळाली. तिकडे अ‍ॅरिझोनाने मुदतीनंतर ओळीने सामने गमावले, ऑगस्टमध्ये त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले, आणि तरीही त्यांनी ८४ विजयांवर नॅशनल लीगमधली, म्हणजे मेजर लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागातली, शेवटची जागा पटकावली. त्या लीगच्या प्लेऑफमध्ये सीवॉल्डने एकही धाव दिली नाही आणि अ‍ॅरिझोना वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचला. तिथे पहिल्याच सामन्यात नवव्या डावात कोरी सीगरने त्याच सीवॉल्डला बरोबरी साधणारा होमरन मारला, हेही सांगितले पाहिजे; ही दंतकथा नाही, बेसबॉल आहे.

सीवॉल्डला विकणे ही चूक होती असे मी म्हणत नाही. त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी जॉश रोहासने पुढे संघाच्या कामी येऊन दाखवले. चूक होती ती त्यानंतर हात बांधून बसण्यात. संघाचा कॅचर कॅल रॅली याने बाद झाल्याच्या रात्री उघडपणे बोलून दाखवले की इतर संघ जिंकण्यासाठी जेवढे करतात तेवढे आपल्याकडेही व्हायला हवे. पुढे त्याने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण बोललेले शब्द काही परत घेता येत नाहीत. मग काहीच दिवसांत बेसबॉल विभागाचे अध्यक्ष जेरी डिपोटो यांनी पत्रकारांना संघाचे धोरण समजावून सांगितले: दहा वर्षांच्या काळात सातत्याने ५४ टक्के सामने जिंकत राहायचे, मग वर्ल्ड सीरिजची संधी आपोआप येईल. शहरभर गदारोळ झाला आणि त्यांनाही नंतर माफी मागावी लागली.

गदारोळ भावनेच्या भरात झाला, पण त्यामागचे गणितही पाहण्यासारखे आहे. १६२ पैकी ८८ विजय म्हणजे ५४.३ टक्के. ज्या हंगामात संघ एका सामन्याने बाहेर राहिला, त्या हंगामात त्याने अध्यक्षांचे उद्दिष्ट पुरते गाठले होते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांतले विजय ९०, ९०, ८८ आणि ८५. बेरीज ६४८ सामन्यांत ३५३, म्हणजे साधारण ५४.५ टक्के. उद्दिष्ट चार वर्षे सांभाळले गेले आणि प्लेऑफ एकदाच मिळाले. ते २०२२ साली, ज्या वर्षी व्यवस्थापनाने हात आखडता घेतला नव्हता: जूनमध्ये ३९ पराभव आणि २९ विजय अशा अवस्थेतून सावरलेल्या संघासाठी त्यांनी जुलैअखेर चार तरुण खेळाडू देऊन लुईस कॅस्टियो हा पहिल्या दर्जाचा पिचर आणला. त्याने टोरंटोतल्या पहिल्या प्लेऑफ सामन्यात सात डावांहून अधिक काळ प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. २०२४ मध्ये जूनच्या मध्याला दहा सामन्यांची आघाडी होती, ती महिनाभरात वितळली, पुन्हा एका सामन्याने जागा गेली. सरासरी ही दीर्घकाळ पाहण्याची गोष्ट आहे हे खरे, पण प्लेऑफच्या जागा सरासरीवर वाटल्या जात नाहीत. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये खाते बंद होते आणि शिल्लक पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद हलका नाही. २०२३ सालीच लॉस एंजेलिस एंजल्सनी जपानी स्टार खेळाडू शोहेई ओहतानी संघात असेपर्यंत एकदा तरी प्रयत्न करायचा म्हणून त्याला विकण्याऐवजी उलट खरेदी केली, ल्युकस जोलितोसारख्या पिचरसाठी आपले तरुण खेळाडू दिले. ऑगस्ट महिना दारुण गेला, ओहतानीच्या कोपराला दुखापत झाली, आणि महिनाअखेरीस नुकतेच आणलेले खेळाडू त्यांनी वेतनाचा बोजा कमी करण्यासाठी सोडून दिले. हंगाम ७३ विजयांवर संपला आणि ओहतानी त्याच शहरातल्या डॉजर्स संघाकडे गेला. सिअ‍ॅटलकरांना यासाठी दूर जायचीही गरज नाही. ३१ जुलै १९९७ रोजी त्यांच्याच संघाने हिथक्लिफ स्लोकम या पिचरसाठी जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो हे दोन तरुण खेळाडू बॉस्टनला दिले. स्लोकम विसरला गेला. व्हॅरिटेक आणि लो २००४ मध्ये बॉस्टनला ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाचे आधारस्तंभ होते. व्यवस्थापक आजही सावध वागतात त्यामागे अशा आठवणी आहेत, आणि ती सावधगिरी मूर्खपणाची नाही.

पण दोन्ही उदाहरणे नीट पाहिली तर ती खरेदीविरुद्ध पुरावा म्हणून फारशी टिकत नाहीत. एंजल्सचा संघ मुळात कमकुवत होता आणि त्यांच्या पुढे असलेल्या संघांची रांग लांब होती. त्यांनी तोकडी शक्यता महाग भावात घेतली. १९९७ चा व्यवहार वाईट होता कारण मोजलेली किंमत मिळालेल्या मालाच्या मानाने भलतीच जास्त होती. त्या वर्षी संघ प्लेऑफमध्ये पोहोचला होता हे मात्र टीकाकार सांगायचे विसरतात. बाजारात फसवणूक होते म्हणून बाजारालाच जायचे नाही, असे कोणी ठरवत नाही. भाव करायला शिकतात.

आता हा सारा वाद एका खासगी कंपनीच्या कारभाराचा आहे, बाहेरच्यांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारेल. सिअ‍ॅटलपुरते तरी याचे उत्तर इतिहासातच आहे. १९९५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला हा संघ आपल्या विभागात (लीगमधल्या संघांचा गट; त्याचा विजेता थेट प्लेऑफमध्ये जातो) तेरा सामने मागे होता, संघाचा स्टार खेळाडू केन ग्रिफी मनगट मोडून घरी बसला होता, आणि संघ शहर सोडून जाणार अशी भीती होती. तरीही व्यवस्थापनाने ३१ जुलैला अँडी बेनिस हा पिचर घेतला. सप्टेंबरमध्ये हे शहर ज्यात येते त्या किंग काउंटीच्या मतदारांनी नव्या मैदानासाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव थोडक्या मतांनी फेटाळला. त्याच आठवड्यांत संघ उसळी मारून वर आला, बरोबरीचा फैसला करणारा जादा सामना जिंकला, आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अकराव्या डावात एडगर मार्टिनेझने मारलेल्या डबलवर (दोन तळांच्या फटक्यावर) ग्रिफी पहिल्या तळापासून धावत येऊन विजयी धाव करून गेला. मग राज्य विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून उपाहारगृहांतल्या जेवणावर आणि भाड्याच्या मोटारींवर कर बसवून मैदानासाठी पैसा उभा केला. मतदारांनी नाकारलेला खर्च दोन महिन्यांच्या खेळाने मंजूर करवून घेतला, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. १९९९ मध्ये उघडलेल्या त्या मैदानाचा निम्म्याहून अधिक खर्च जनतेने उचलला. त्याची मालकी सार्वजनिक संस्थेकडे आहे. २०१८ साली काउंटी परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या देखभालीसाठी हॉटेल-करातून आणखी १३५ दशलक्ष डॉलर मंजूर केले. जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात खेळणाऱ्या संघाने ‘यंदा जमले नाही, सरासरी पाहा’ असे सांगावे, आणि त्याबद्दल कोणी प्रश्न विचारला की तो भाबडा ठरावा, हे मला पटत नाही. कर तर दरवर्षी भरले जातात, दशकाच्या सरासरीने नव्हे.

संघाने दर जुलैला भरमसाट खरेदी करावी असा याचा अर्थ नाही. शक्यता खरोखरच नगण्य असेल तर विकावे, आणि ते मोकळेपणाने सांगावे. डेट्रॉईटने २०२४ मध्ये जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सना विकले आणि तरी आपल्या तरुणांच्या बळावर प्लेऑफ गाठले, त्यांना कोणी दोष दिला नाही. शक्यता चाळीस ते साठ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तेव्हा मात्र काहीच न करणे हा तटस्थ निर्णय ठरत नाही. २०२२ पासून प्लेऑफमध्ये बारा संघ घेतले जाऊ लागले, आणि त्यामुळे या पट्ट्यात अडकणाऱ्या संघांची संख्या वाढली आहे. दरवाजा मोठा झाला की आत शिरण्यासाठी फारसे चांगले असण्याची गरज उरत नाही, आणि मालकांना नेमके हेच सोयीचे वाटते: ८५-८८ विजयांचा संघ बांधायचा, सप्टेंबरपर्यंत तिकिटे विकायची आणि बाकीचे नशिबावर सोपवायचे.

२०२५ च्या जुलैमध्ये सिअ‍ॅटलने पुन्हा एकदा वेगळे वागून दाखवले. अ‍ॅरिझोनाकडूनच आधी जॉश नेलर आणि मग युजेनियो स्वारेझ हे दोन फलंदाज आणले. रॅलीने ६० होमरन मारले, संघाने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला, आणि अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत टोरंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात स्वारेझने तळ भरलेले असताना होमरन मारून संघाला वर्ल्ड सीरिजपासून एका विजयाच्या अंतरावर आणून ठेवले. पुढचे दोन्ही सामने टोरंटोने जिंकले. सातव्या सामन्यात जॉर्ज स्प्रिंगरच्या तीन धावांच्या होमरनने सगळे संपले. त्या वर्षी सिअ‍ॅटलचे साखळीतले विजय होते ९०, म्हणजे २०२१ मध्ये दोन सामन्यांनी बाहेर राहताना होते तितकेच. विभाग जिंकायला ९० पुरतील की शेवटची जागा मिळवायलाही अपुरे पडतील, हे बाकीच्या संघांच्या हातात असते आणि जुलैमध्ये ते कोणालाच ठाऊक नसते. नेलर आणि स्वारेझ यांना आणूनही संघ ऑगस्टमध्ये कोसळला असता, तरी मी त्या व्यवहारांना चूक म्हटले नसते.